बाईंची उजवी बाही

शालीचं टोक गॅसवर पेटलं, त्या सकाळी मी खाली पोळ्या लाटत होते. आधी वास आला, केस जळल्यासारखा. मग वरून भांडं पडल्याचा आवाज आला आणि मी हातातलं लाटणं तसंच घेऊन जिना चढले. बाई ओट्यापाशी उभ्या होत्या. शाल जमिनीवर पडली होती आणि तिच्यावर त्यांनी दुधाचं पातेलं उपडं केलं होतं. फरशीभर दूध, आणि त्यात शालीचं काळं झालेलं टोक.

"काई नाई झालं," त्या म्हणाल्या. "जाय तू खाली. तुझी पोळी करपून राहिली असन."

बाई म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची बायको. भाऊजींना जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन हैदराबादला असते. धरमपेठेतल्या आमच्या दुमजली घरात वर बाई एकट्या आणि खाली आम्ही नवराबायको, असे आम्ही राहत होतो. एका घरात तीस वर्षं काढूनही आमचं बोलणं पाणी आलं, दूधवाला आला नाही, मोटार बंद कर, यापलीकडे फारसं जात नव्हतं. त्याला कारण होतं. ते पुढे येईलच.

त्याच्या आदल्या वर्षी बाईंच्या उजव्या स्तनात गाठ निघाली होती. ऑपरेशनमध्ये स्तन काढला आणि काखेतल्या गाठीही काढल्या. मुलगी महिनाभर येऊन राहिली आणि परत गेली. पुढच्या फेऱ्या मीच मारल्या, कारण दुसरं कोणी नव्हतं. केमोथेरपी झाली, केस गेले आणि आले, आणि सगळं संपलं असं वाटत असताना त्यांचा उजवा हात सुजायला लागला. दंडापासून बोटांपर्यंत. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि कितीतरी वेळ तसाच राहायचा. डॉक्टरांनी सांगितलं की ही सूज आता राहणार. या हाताला सुई टोचायची नाही, बीपीचा पट्टा बांधायचा नाही, बांगडी नाही, घट्ट काहीही नाही, आणि नखाचा ओरखडा जरी आला तरी येऊन दाखवायचं. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. मी हे सगळं माझ्या कानांनी ऐकलं होतं.

थंडी आली तेव्हा अडचण कळली. घरातला एकही स्वेटर त्या हातात जाईना. ब्लाऊजची उजवी बाही उसवून त्यांनी तिला वेगळ्या कापडाचं ठिगळ लावून घेतलं होतं, पण स्वेटरला ठिगळ कुठलं लावणार? म्हणून शाल, आणि शाल एका हाताने सावरता येत नव्हती.

शाल जळली त्याच आठवड्यात मी त्यांना तिबेटी लोकांच्या स्वेटरबाजारात घेऊन गेले. दुकानातल्या बाईने पुरुषांचे सगळ्यात मोठे स्वेटर काढले. हात जाईल असा एक मिळाला, तर त्याचे खांदे कोपरापर्यंत उतरले आणि गळ्यातून ब्लाऊज दिसायला लागला. बाईंनी आरशात पाहिलं. त्यांची ती सपाट झालेली बाजू त्या मोठ्या स्वेटरात जास्तच उघडी पडत होती.

"कोणाचा तरी कोट घालून बुजगावणं उभं केल्यासारखं वाटून राहिलं," त्या म्हणाल्या आणि स्वतःच काढायला लागल्या.

परत येताना ऑटोत मी म्हटलं, "बाई, मी विणून देते."

त्या बाहेर बघत होत्या. "तू?" एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुले तं मफलर बी सरळ येत नाई."

हे खरं होतं. विणकाम त्यांचं. सासऱ्यांपासून माझ्या नवऱ्यापर्यंत घरातल्या प्रत्येकाने त्यांच्या हातचे स्वेटर घातले होते. टीव्ही बघत, भांडत, भाजीवाल्याशी घासाघीस करत त्यांच्या सुया चालायच्या, आणि नजर कधी हाताकडे जायची नाही. आता उजव्या हातात सुई धरली की दहा मिनिटांत बोटं बधिर व्हायची.

इतवारीतल्या लोकरीच्या दुकानातून मी मेंदी रंगाची लोकर आणली. रंग बाईंनीच सांगितला होता. दुपारी माझं आवरलं की मी वर जायची. त्या पलंगावर भिंतीला टेकून बसायच्या, उजवा हात दोन उशांवर उंच ठेवून, आणि मी खाली सतरंजीवर. त्यांच्या जुन्या स्वेटरवरून मी मापं घेतली. पंधरा दिवसांत पाठ आणि पोट झालं. अंगाला लावून पाहिलं तर दोन्हीकडून चार-चार बोटं जास्त.

"तो स्वेटर मी आजाराच्या आधी विणला होता," बाई म्हणाल्या. "आता माझ्या अंगावर आहे काय? उसव."

मी उसवला. या वेळी टेपने मापं घेतली. त्यांनी पदर बाजूला केला आणि मी त्यांच्या छातीभोवती टेप फिरवला. ऑपरेशनची जागा मी त्याआधी पट्ट्या बदलताना पाहिली होती, पण तेव्हा घाईत. आता टेप त्या आडव्या व्रणावरून गेला तसा त्यांनी श्वास रोखला. "दुखते का?" मी विचारलं. "नाई. थंडा आहे तुझा हात." मी आकडा लिहून घेतला. उजवा दंड पंधरा इंच, डावा साडेदहा.

दुसऱ्यांदा अंग बरोबर आलं. गळा थोडा उंच घेतला, उजव्या बाजूला आतून दुहेरी वीण घातली, ती बाजू खोल दिसू नये म्हणून. ही युक्ती त्यांचीच. डावी बाही सहज झाली. उजवी बाही पंधरा इंचांच्या हिशेबाने विणली, आणि संध्याकाळी घालून पाहायला गेलो तर ती कोपराच्या वर सरकेना. मी ओढलं, त्यांनी ढकललं. मग ती मागेही येईना. सकाळी मोजलेला हात संध्याकाळपर्यंत इंचभर फुगतो हे आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. हाताचा पंजा लालसर झाला आणि मग निळसर. मी पावडरचा डबा आणला, पावडर बाहीच्या आत ओतली, आणि टाक्याटाक्याने लोकर खाली सरकवत गेले. पंधरा-वीस मिनिटं लागली असतील.  हात सुटला तेव्हा त्याच्यावर विणीचे छाप उमटले होते, ओळीच्या ओळी. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि पांढऱ्या पावडरने पलंग भरला होता.

"उसव," त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी संध्याकाळचं माप धरून बाही पुन्हा घातली. डिसेंबर संपत आला होता. थंडी अशी पडली होती की दुपारीही बाई अंगावर रजई घेऊन बसायच्या. मी कोपराखाली टाके कमी करत होते आणि सारखी चुकत होते. बाई वैतागल्या.

"लहान लेकराचा स्वेटर मी चार दिवसांत करत होती. तुले एका बाहीले महिना लागून राहिला."

मी सुई थांबवली. मी हे बोलणार आहे असं मला एक क्षण आधीपर्यंत माहीत नव्हतं.

"तो पिवळा स्वेटर तुम्ही काहून देऊन टाकला होता?"

माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यातच जन्मलं होतं आणि दोन दिवसांनी गेलं. मुलगी होती. तिच्यासाठी बाईंनी आधीच एक पिवळा स्वेटर विणून ठेवला होता, समोर तीन गुंड्या असलेला. मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा तो माझ्या कपाटात नव्हता. महिनाभराने गल्लीत समोरच्या घरातल्या बाळाच्या अंगात मी तो पाहिला. त्याच गुंड्या. त्यानंतर मला मूल झालं नाही. मी त्या दिवसापासून बाईंशी कामापुरतं बोलले आणि त्यांनीही कधी विचारलं नाही की का.

कोणता स्वेटर, असं बाईंनी विचारलं नाही. 

"हो, मीच दिला," त्या म्हणाल्या.

"मले न विचारता."

"विचारलं असतं तं तू दिला असता?"

"नाई."

"मंग? उशाखाली घेऊन निजली असती तू. माहेरी भिवापूरले माझ्या आईनं ठेवलं होतं झबलं, माझ्या गेलेल्या भावाचं. मरेपर्यंत ठेवलं. घरात आम्ही हसलो तरी आमच्या अंगावर धावून यायची. तसं घर मले पुन्हा नको होतं."

"मी तुमची आई नव्हती, बाई. थो माझा होता. माझ्या पोरीचा होता."

"असन. पण आजही मी तेच केलं असतं," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मला तर तो असता तर बरं वाटलं असतं.

मी सुया, लोकरीचा गुंडा, अर्धी बाही, सगळं तिथेच पलंगावर ठेवलं आणि खाली आले. नवऱ्याने विचारलं काय झालं. मी म्हटलं डोकं दुखतंय. चार दिवस मी वर गेले नाही. जेवणाचा डबा नवरा नेऊन द्यायचा. त्याने एकदा सांगितलं, "वहिनीनं रजई पांघरूनच दार उघडलं." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पाचव्या दिवशी दुपारी बाई स्वतः खाली आल्या. जिना उतरताना कठडा धरायला त्यांना डावाच हात होता आणि त्याच हातात पिशवी, म्हणून त्या भिंतीला खांदा घासत उतरल्या होत्या. पदराला चुना लागला होता. त्यांनी पिशवीतून बाही काढून माझ्यासमोर धरली. मी ठेवली होती त्यापेक्षा ती दोन ओळी पुढे गेली होती. त्या दोन ओळींतले टाके कुठे ढगळ, कुठे आवळलेले, एक टाका तर निसटून खाली ओघळलेला. नवशिक्या मुलीने विणल्यासारखे.

"तीन दिवस लागले मले एवढ्याले," त्या म्हणाल्या. "होत नाई वं."

पिवळ्या स्वेटरचा विषय दोघींनीही काढला नाही.  मी त्यांना खुर्ची दिली, चहा ठेवला. त्या म्हणाल्या, "उसव त्या दोन ओळी. खराब दिसतात." मी त्यांच्यासमोरच उसवल्या आणि पुढे विणायला घेतलं.

त्यानंतरच्या आठवड्यात मला विणकाम जमायला लागलं. कसं ते सांगता येत नाही. हात आपोआप चालायला लागले आणि चुकले की मला आधी कळायचं, त्यांना नंतर. फक्त मनगटाची पट्टी राहिली होती. मी ती ढिली विणली, मुद्दाम. बाईंनी घालून पाहिली आणि हात हलवला. पट्टी घंटेसारखी हलली.

"ही काय पट्टी आहे? हवा शिरते आत. दोन सुलट दोन उलट घाल अन् टाके कमी कर. डाव्या हातासारखी बसली पायजे."

"बाई, डॉक्टरांनी घट्ट काही नको म्हटलं होतं."

"लोकर काय दोरी आहे? ताणते थे. मी आयुष्यभर स्वेटर विणले, मले माहीत नाई का? ढिल्या पट्टीची बाही म्हणजे पिशवी. एक गोष्ट तं नीट कर."

मी बारीक सुई घेतली आणि पट्टी पुन्हा विणली. ती घातल्यावर त्यांनी हात समोर धरला, उलटा-सुलटा केला, बोटांनी वीण चाचपली. मग म्हणाल्या, "आता जमलं तुले. माझ्या हातचा वाटतो."

तीस वर्षांत त्यांनी मला चांगलं म्हटलेलं मला दुसरं काही आठवत नाही. पट्टी मनगटात थोडी रुतत होती हे मला दिसत होतं. मी ते पाहिलं आणि गप्प बसले. त्या क्षणी मला ते वाक्य हवं होतं, आणि पट्टी पुन्हा उसवायला घेतली असती तर ते वाक्यही गेलं असतं.

स्वेटर त्यांना बसला. खांदा खांद्यावर, गळा गळ्याशी. रस्त्यावरून जाणाऱ्याला दोन बाह्यांतला फरक कळला नसता. बाई तो घालून गच्चीवर उन्हात बसायला लागल्या, कोपऱ्यावर भाजी आणायला जायला लागल्या. एकदा तर शेजारणीला थांबवून म्हणाल्या, "माझ्या जावेनं विणला." मी फाटकाशी उभी होते. एकोणीस-वीस दिवस त्यांनी तो घातला असेल.

स्वेटर झाल्यापासून त्या सकाळच्या चहाला खाली यायच्या. मग एका सकाळी त्या आल्याच नाहीत. मी वर गेले तर त्या पलंगावर स्वेटर घालूनच पडल्या होत्या आणि दात वाजत होते. "थंडी वाजून राहिली," म्हणाल्या. कपाळ तव्यासारखं तापलं होतं. मी उजवी बाही वर सरकवायला गेले, ती सरकली नाही. पट्टीच्या वर हात लालभडक झाला होता आणि लाली कोपराकडे पसरत गेली होती. आतल्या बाजूला, पट्टीच्या काठाशी, एक बारीक ओरखडा होता.

"हे कधी झालं?"

"खाजत होतं. दोन-तीन दिवस झाले."

"मले सांगतलं काहून नाई?"

"तू पट्टी उसवली असती," त्या म्हणाल्या.

दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचं बोलणं असंबद्ध व्हायला लागलं होतं. उजव्या हाताला सुई लावता येत नव्हती, म्हणून नर्सने डावा हात घेतला. ती बाही मी इतकी बरोबर विणली होती की ती कोपराच्या वर जाईना. नर्सने कात्री घेतली आणि मनगटापासून खांद्यापर्यंत कापली. मग दुसरी नर्स उजव्या बाजूला आली आणि तिनेही कापली. मी पायथ्याशी उभी होते. बाईंनी एकदा त्या कात्रीकडे पाहिलं, पण त्यांना काय चाललंय ते कळलं असेल असं मला वाटत नाही.

जंतू रक्तात गेले होते. डॉक्टर तरुण होत्या, दमलेल्या होत्या. त्यांनी विचारलं, हाताला काही जखम, काही घट्ट बांधलं होतं का? मी सांगितलं. स्वेटरची पट्टी होती म्हटलं. मी विणलेली. त्यांनी ते लिहून घेतलं. मग मी विचारलं, "त्यानेच झालं का?" त्या म्हणाल्या, "अशा हाताला डास चावूनही होतं. नख लागूनही होतं. सांगता येत नाही." त्या खोटं बोलत नव्हत्या. पण त्यांनी नाही म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई गेल्या. मुलगी त्याच सकाळी पोचली होती. आईने तिला ओळखलं नाही.

तेरावं झाल्यावर मुलगी वरचं कपाट आवरायला बसली. मी मदतीला गेले. साड्या, भाऊजींचे दोन स्वेटर, मापाचा टेप, पितळी सुयांचा जुडगा. तळाशी दवाखान्याची प्लॅस्टिकची पिशवी होती, मीच गाठ मारून ठेवलेली. तिने गाठ सोडली आणि मेंदी रंगाचा स्वेटर मांडीवर पसरला. दोन्ही बाह्या उभ्या चिरलेल्या.

"हा तुम्ही विणला होता ना काकू? आई फोनवर सांगत होती. रोज सांगत होती."

मग मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते, मी काय ऐकलं होतं, बाईंनी पट्टी आवळायला सांगितलं तेव्हा मला काय दिसत होतं आणि मी का बोलले नाही. ती ऐकत होती.  मला वाटत होतं ती म्हणेल, काकू, असं नका म्हणू. किंवा ओरडेल तरी. तिने स्वेटरची घडी घातली, कापलेल्या बाह्या आत दुमडून.

"मी इथे असते तर," ती म्हणाली, आणि पुढची साडी घडी घालायला घेतली.

आम्ही उरलेल्या साड्या आवरल्या. तिने भाऊजींचे स्वेटर आणि सुया तिच्या बॅगेत भरल्या. मेंदी स्वेटर पलंगावरच राहिला. संध्याकाळच्या गाडीने ती जाणार होती, म्हणून मी तिच्यासाठी दशम्या करायला खाली आले. निघताना ती माझ्या पाया पडली, माझ्या नवऱ्याच्या पाया पडली, आणि ऑटोत बसली. ती पोचल्याचा फोन नवऱ्याला आला. मला आला नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.